पहिला घोट सरपंचांचा

संध्याकाळी कामावरून आली, की ऋतुजा आधी कुकर चढवायची आणि मग नातेपुत्याला फोन लावायची. फोन आप्पाच उचलायचे. उचलायचे म्हणजे काय, बटण दाबून मोठ्या आवाजात समोरच्या दगडावर ठेवून द्यायचे. मग त्यांचा आवाज यायचा, पण ते तिच्याशी बोलत नसायचे.

"सरपंच, तुमच्या ताईचा फोन हाय. इचारा, जेवली का म्हनावं."

सरपंच म्हणजे त्यांचा कुत्रा. काळा, छातीवर पांढरा पट्टा, अंगानं दणकट. नाव ठेवलं होतं ऋतुजाच्या आईनं, मायाक्कानं. हे पिल्लू मेंढरं राखायच्या वेळी झोपायचं आणि भाकरीच्या वेळी सगळ्यांच्या पुढं येऊन बसायचं, म्हणून. गावच्या खऱ्या सरपंचांच्या कानावर ते गेलं तेव्हा ते आठवडाभर फुगून बसले, आणि मग एकदा स्वतःच येऊन कुत्र्याला बघून हसत गेले. आता नावच सरपंच म्हटल्यावर अरेतुरे कसं करायचं? घरात सगळेच त्याला अहो-जाहो करू लागले. पोटच्या पोरीशी न बोलणारा माणूस कुत्र्याला मात्र अदबीनं हाक मारत होता. ऋतुजाला याचा कधी राग यायचा, कधी हसू यायचं, आणि बहुतेक वेळा नुसतंच रिकामं वाटायचं.

"सरपंच, आप्पास्नी सांगा, व्हय, जेवली म्हनावं," ती खोटंच सांगायची. कुकरची पहिली शिट्टीसुद्धा झालेली नसायची.

"सांगा तिला, हितं समदं बरं हाय."

संपला फोन. एवढ्यासाठी ती दिवसभर वाट बघायची. जुळे सोलापुरातल्या त्या दोन खोल्यांत तिच्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. खालची बाई जिन्यात भेटली तर पाण्याची वेळ तेवढी सांगायची.

हा अबोला साधासुधा नव्हता. ऋतुजा कॉलेजात होती तेव्हा आप्पांनी, म्हणजे तात्याबांनी, मेव्हण्याला शब्द दिला होता, की पोरगी तुमच्या शहाजीलाच देणार. मामाच्या घरात मुलगी द्यायची रीत जुनीच. त्यात मुलीला काही विचारायचं असतं, हे आप्पांच्या डोक्यातही आलं नाही. सुपारी फुटायच्या दिवशी मांडवात पाहुणे बसलेले, आणि ऋतुजा बाहेर येऊन सगळ्यांच्या समोर म्हणाली, मला शिकायचंय, मी हे लग्न करणार नाही. चार माणसांत आप्पांचा शब्द खाली पडला. त्यांनी आरडाओरडा केला नाही, हात उचलला नाही. बायकोकडे वळून ते एवढंच म्हणाले, "मायाक्का, सांग तिला, आजपास्नं तिचं नि माजं बोलनं न्हाय."

आणि खरंच नाही. बकरी विकून तिला होस्टेलला धाडलं, एसटीत बसवून द्यायला स्वतः आले, ट्रंक टपावर चढवली, पण तोंडातून शब्द काढला नाही. मायाक्का निरोप पोचवायची. एकाच चुलीपाशी तिघं बसलेली असायची आणि ती माउली डावीकडचं बोलणं उजवीकडं सांगत भाकरी थापायची. मग एका उन्हाळ्यात मायाक्का गेली. दिवसकार्य उरकून पाहुणे पांगले, आणि घरात बाप-लेक दोघंच उरली. मधे निरोप न्यायला कुणी नाही. मग आप्पा उंबऱ्याशी बसलेल्या कुत्र्याकडं बघून म्हणाले, "सरपंच, इचारा तिला, च्या घेनार का."

हसावं की रडावं, ऋतुजाला कळेना. तिनं दोन्ही केलं.

तेव्हापासून हे असंच चाललं होतं. तिला फार काही नको होतं. आप्पांनी एकदा तिचं नाव घेऊन, मधे कुत्रा न ठेवता, एक वाक्य बोलावं. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

ती काम करायची चिंचोळी एमआयडीसीत. सूतगिरण्या आणि रसायनांच्या कारखान्यांच्या मधे एक बैठी इमारत होती. जनावरांची औषधं करणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीची ही छोटी शाखा. ऋतुजाचं काम नवं औषध शोधण्याचं, पण तिच्या हातात काचेची नळी क्वचितच यायची. तिच्यासमोर स्क्रीन असायचा, आणि स्क्रीनच्या मागं कुठंतरी, कुठं ते तिलाही ठाऊक नव्हतं, नवी औषधं सुचवायला शिकवलेलं एक मशीन.

मेंढराच्या पोटात एक जंत राहतो. केसासारखा बारीक, लाल-पांढऱ्या पिळाचा. तो रक्त पितो. मेंढराच्या पापण्या आतून पांढऱ्या पडतात, जबड्याखाली पाणी साठून पिशवी लोंबते, आणि एका सकाळी जनावर उठतच नाही. ऋतुजानं लहानपणी अशी किती जनावरं बघितली होती. बाजारातली औषधं जंतांनी केव्हाच पचवली होती. नवं हवं होतं. जंताच्या स्नायूंवर बारीक बारीक कुलपं असतात. बरोबर किल्ली बसली, की जंत आखडतो आणि सुटून पडतो. पण तशीच कुलपं, जराशा वेगळ्या घडणीची, मेंढराच्या अंगातही असतात आणि माणसाच्याही. किल्ली जंतालाच लागावी, दुसऱ्या कुणाला लागू नये, इथंच सगळं घोडं पेंड खात होतं.

तर ती मशीनला जंताच्या कुलपाचा आकार द्यायची, आणि मग कुणाला लागायचं नाही ते सांगायची. मेंढी, शेळी, गाय, माणूस. मशीन रेणू सुचवायचं, एक-दोन नव्हे, हजारांनी. अजून जगात कुठंच नसलेले रेणू, त्याच्याच कल्पनेतले. त्यांतले तिनं गाळायचे. प्रयोगशाळेचे प्रमुख गुरुशांत सर अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे. सकाळी आले, की तिच्या टेबलाशी थांबून विचारायचे, "काय मॅडम, आज किती स्थळं आणली मशीननं?"

"हे लिव्हरला जड आहे, सर. हे पाण्यात विरघळत नाही. हे मेंदूत शिरतंय."

"हौद, हौद," सर कानडीतून हो म्हणत. "नापसंत करा की मग."

माणसाचं एक स्थळ नाकारलं म्हणून बापाच्या बोलण्याला मुकलेली बाई रेणूंची स्थळं दिवसाला शेकड्यांनी नाकारत होती, आणि त्याचा तिला पगार मिळत होता.

शेवटी एक पसंत पडलं. सरांनीच त्याचं नाव नवरदेव ठेवलं. प्रयोगशाळेतल्या पोरींनी ते भांड्यांत घडवलं, पुण्याच्या गोठ्यातल्या मेंढ्यांना पाजून झालं. नवरदेव जंताला धरायचा आणि बाकी कुणाकडं ढुंकूनही बघायचा नाही. मशीननं सांगितलं होतं अगदी तसं. "तुमच्यासारखाच आहे की, मॅडम," सर म्हणाले, "कामापुरतंच बोलतो." ते चेष्टेनं म्हणाले होते. पण घरी जाताना कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ऋतुजा ते वाक्य घोळवत राहिली, आणि तिचा थांबा मागं गेला.

मग रानातल्या कळपावर औषध वापरून बघायची वेळ आली. पुण्याहून परवानग्या आल्या. कळप कुणाचा घ्यायचा, यावर बोलणं चाललं असताना गुरुशांत सर म्हणाले, "तुमच्या वडिलांची मेंढरं आहेत ना माळशिरसकडं?"

गेल्या दोन-तीन महिन्यांत आप्पांच्या कळपातली मेंढरं एकेक करून जात होती. तिला हे आप्पांनी सांगितलं नव्हतं. 'हितं समदं बरं हाय' एवढंच ते सांगत. शहाजीच्या बायकोनं सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी कुकर न चढवताच तिनं फोन लावला.

"सरपंच, आप्पास्नी इचारा, मी एक औषध केलंय मेंढरांसाठी. त्यांच्या कळपाला पाजलं तर चालंल का म्हनावं."

पलीकडं मेंढरं ओरडत होती.

"सरपंच," आप्पा म्हणाले, "इचारा तिला, तिनं सोत्ता केलंय का."

"व्हय म्हनावं. म्या सोत्ता." मशीनचं नाव तिनं घेतलं नाही. एवढं खोटं माफ असावं.

"मग आन म्हनावं."

जीपमधून ती, गुरुशांत सर आणि जनावरांचे डॉक्टर माळावर पोचले तेव्हा आप्पांनी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडून तयार ठेवली होती. डोक्याला धुतलेलं पागोटं होतं. सरांना आणि डॉक्टरांना त्यांनी रामराम घातला, बसायला घोंगडं अंथरलं. ऋतुजाकडं बघितलं आणि सरपंचांकडं वळून म्हणाले, "वाळलीया लई. सांगा तिला, खात जा म्हनावं." गुरुशांत सरांनी गोंधळून कुत्र्याकडं बघितलं, मग ऋतुजाकडं. तिनं मान खाली घातली.

डॉक्टर आधी पापण्या उलट्या करून बघत, मग पिचकारीनं औषध घशात सोडत, आणि शहाजीच्या घरचा एक माणूस पाठीवर गेरूचा पट्टा ओढी. औषधाला काकवीचा गोड वास होता, मेंढरांनी थुंकू नये म्हणून घातलेला. पहिल्या बाटलीचं बूच उघडलं तेव्हा आप्पा पुढं झाले. त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. डॉक्टर आणि सर पाठमोरे होऊन पिचकारी धूत होते. आप्पांनी बाटली कलती केली, भाकरीवर चांगला घोटभर ओतून घेतलं आणि तुकडा सरपंचांच्या पुढ्यात ठेवला.

ऋतुजा बघत होती. नवल वाटण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. त्यांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या तळावर, पहिली भाकरी कुत्र्याची. व्यालेल्या मेंढीचा पहिला चीक कुत्र्याचा. आप्पा पूर्वी झाडपाल्याचा काढा करायचे, त्याचा पहिला घोटही कुत्र्याचाच. जो कळप राखतो त्याचा वाटा आधी, हा देवाचा नेम होता आणि तो कुणी कधी मोडला नव्हता. आई असताना आणि नसताना, तिच्या पुस्तकांकडं, तिच्या डिग्रीकडं, तिच्या नोकरीकडं आप्पांनी पाठ फिरवली होती. आज तिनं केलेल्या वस्तूचा पहिला वाटा त्यांनी सरपंचांना दिला. म्हणजे ती वस्तू घरातली झाली. थांबा म्हणावं, असं क्षणभर मनात येऊन गेलं, पण ते क्षणभरच. नवरदेव कुणालाच लागत नाही. मशीननं तसं सांगितलं होतं. आणि बापानं दिलेला हा मान कोण मागं घेईल?

सरपंचांनी तुकडा खाल्ला आणि खालची जमीनसुद्धा चाटली.

त्यानंतरचे दिवस ऋतुजाच्या आयुष्यातले सगळ्यांत भरलेले दिवस होते, आणि तेही फोनवरचेच. मेंढरं उठली. जबड्याखालच्या पिशव्या उतरल्या. डॉक्टर जाऊन तपासून आले, की सरांना फोन करत आणि सर टेबलाशी येऊन म्हणत, "पापण्या लाल, मॅडम, डाळिंबासारख्या." पण खरी गोष्ट संध्याकाळी व्हायची. आप्पा बोलायला लागले होते. पूर्वी दोन वाक्यांत आटपणारा फोन आता भात गार होईपर्यंत चालायचा.

"सरपंच, सांगा तिला, काळीला जुळी कोकरं झाली. एक तिच्यावानी हाय, आडमुठं."

"सरपंच, सांगा तिला, तिच्या आईनं लावल्याला शेवगा औंदा लई लागलाय. खायाला कोन हाय हितं?"

मधे मधे बिडी पेटवल्याचा आवाज येई, आणि पुन्हा 'सरपंच, सांगा तिला' सुरू होई. एकदा म्हणाले, "सांगा तिला, शाजीला पोरगी झाली. शाजी चांगला हाय. पन तिच्या जोगता नव्हता त्यो. मला तवा कळलं न्हाय."

ऋतुजाच्या हातातला घास हातातच राहिला. "सरपंच, आप्पास्नी सांगा," ती कशीबशी म्हणाली, "ऐकलं म्हनावं."

फोन ठेवल्यावर ती मोकळ्यानं रडली. रडणं ऐकायला भिंती होत्या. तिला वाटलं, मेंढरं बरी झाली म्हणून आप्पांचं मन निवळलं. नवरदेवानं जंत सोडवला तसा हाही पीळ सोडवला. आता आणखी एकदा जाऊन आलं, की ते आपल्याशी बोलतील. ती दिवस मोजू लागली नाही एवढंच, पण कपाटातून आईची इरकल साडी काढून इस्त्री करून ठेवली.

शेवटच्या तपासणीला पुन्हा तिघं गेले. ऊन कलतं होतं. आप्पा कळपाच्या त्या टोकाला, डॉक्टर आणि सर मेंढरांत, आणि सरपंच बाभळीखाली पाय पसरून माळाकडं तोंड करून बसलेले. ऋतुजा त्यांच्या मागून आली. आप्पांची शिट्टी तिला लहानपणापासून जमायची, दोन बोटं तोंडात घालून, शेवटी वर चढणारी. ती शिट्टी झाली, की सरपंच असतील तिथून उडी मारून यायचे.

तिनं शिट्टी घातली. सरपंच हलले नाहीत.

झोपले असतील. पण शेपटी हलत होती, माशा उडवत होती. ती आणखी जवळ गेली, टाळ्या वाजवल्या. चुलीपाशी पालथी पडलेली परात उचलून तिनं दगडावर आपटली. कोकरं दचकून उधळली, आप्पांनी लांबून मान वळवली, डॉक्टरांच्या हातून पिचकारी पडली. कोकरं पळताना दिसली तेव्हा कुठं सरपंचांनी डोकं वर केलं, आणि मग मागं उभी असलेली ऋतुजा दिसली तसे आनंदानं अंग घुसळायला लागले.

ती तशीच जीपकडं गेली, मागच्या सीटवर लॅपटॉप उघडला. रेंज येत-जात होती. कानाच्या आत, आवाज पकडणाऱ्या बारीक पेशींवरही त्याच जातीचं एक कुलूप असतं. मेंढीचं तिनं तपासलं होतं, माणसाचंही तपासलं होतं. आता तिनं कुत्र्याचं घातलं आणि मशीनला विचारलं.

उत्तर यायला फार वेळ लागला नाही. किल्ली बसत होती. जंताला बसायची जवळजवळ तितकीच घट्ट.

हे मशीन तिला पहिल्या दिवशीही सांगू शकलं असतं. कुणी विचारलंच नव्हतं. रागवायचं तरी कुणावर? कुणाला लागू नये ते सांगणं तिचं काम होतं. मेंढी, शेळी, गाय, माणूस. जिच्या घरी पहिली भाकरी कुत्र्याची असते, तीच बाई कुत्र्याला विसरली होती. आणि समोर तो तुकडा खात होता तेव्हा ती डोळे भरून बघत उभी राहिली होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तिनं गुरुशांत सरांना बाजूला बोलावून सगळं सांगितलं. सरांचा चेहरा उतरला.

"पण मॅडम, मेंढरांचं औषध कुत्र्याला पाजतं कोण?"

"आम्ही," ऋतुजा म्हणाली. "आम्ही पाजतो, सर. प्रत्येक कळपामागं कुत्रा असतो, आणि प्रत्येक कुत्र्याला पहिला वाटा. हे औषध बाजारात गेलं, तर एकाही वाड्यावरचं कुत्रं ऐकतं राहणार नाही."

"अय्यो," सर हळूच म्हणाले. त्यांनी मेंढरांकडं बघितलं. ती चांगली टवटवीत चरत होती, त्यामुळं आणखीच वाईट वाटत होतं. "मग थांबवायला पाहिजे हे. आजच कळवतो पुण्याला."

"हो, सर."

ते काही चेष्टा करतील असं तिला वाटलं, नवरदेव मांडवातून परत वगैरे. पण ते तसं काही बोलले नाहीत. फोन काढून चढावर रेंज शोधायला गेले.

आता आप्पा. ते बाभळीखाली येऊन बसले होते, सरपंचांच्या मानेत बोटं घालून गोचीड शोधत होते. ऋतुजा समोर मातीतच बसली. नेसलेली आईची इरकल मळली. सवयीनं तिनं कुत्र्याकडं बघितलं आणि म्हणाली, "सरपंच, आप्पास्नी सांगा..." आणि तिथंच थांबली. सरपंच तिच्या हलणाऱ्या ओठांकडं भाबडेपणानं बघत होते. काहीतरी खायला मिळणार असं त्यांना वाटलं असावं.

मग तिनं थेट बापाच्या तोंडाकडं बघितलं. "आप्पा, त्यास्नी ऐकू येत न्हाय. माज्या औषधानं झालं. म्या बगत हुते तुमी पाजताना, आनि म्या गप बसले."

आप्पांचे हात थांबले नाहीत. एक गोचीड काढून त्यांनी दगडाखाली चिरडली.

"सरपंच, सांगा तिला," ते कुत्र्याला म्हणाले, "म्हाईत हाय मला. पाजल्यावर दोन-चार रोजांतच कळलं. हाक मारली, आलं न्हाईत. पहिला घोट म्या दिला, तिनं न्हाय. मेंढरं उठली हुती. कुत्र्यापायी पोरीचं काम खोटं पडाया नगं, म्हनून बोललो न्हाय कुनाला."

दोन-चार रोजांतच.

ऋतुजाला ते समजायला जरा वेळ लागला. दोन-चार रोजांत कळलं, म्हणजे काळीची जुळी त्याच्यानंतरची. शेवगा त्याच्यानंतरचा. शहाजीचं बोलणं तर गेल्याच आठवड्यातलं. इतक्या संध्याकाळी आप्पा त्या दगडासमोर बसून, बिडी ओढत, कान गेलेल्या कुत्र्याला सांगत होते, सांगा तिला, सांगा तिला. मेंढरं बरी झाली म्हणून ते बोलके झाले, असं ती समजत होती. बोलायला मधे कुणीच उरलं नव्हतं, म्हणून ते बोलत होते.

"आप्पा," ती म्हणाली, "ऐकू येत न्हाय त्यास्नी. मग कुनाला सांगत हुता तुमी?"

आप्पांनी कुत्र्याच्या मानेतून हात काढला. किती वर्षांनी त्यांनी तिच्या डोळ्यांत बघितलं. त्यांचे डोळे म्हातारे झाले होते, कडांना पाणी होतं, आणि हे तिला कुणी फोनवर सांगितलं नव्हतं.

"त्यास्नी ऐकू येत न्हाय, तर तू तरी ऐक की," ते म्हणाले.

ती ऐकायला बसली. वाऱ्यानं बाभळीच्या शेंगा खुळखुळत होत्या. आप्पांनी तोंड उघडलं, मिटलं, पागोट्याचा शेमला सारखा केला, काठीनं मातीत रेघ ओढली, पुसली. अबोला मोडला होता, पण त्याच्यापुढं काय बोलतात ते दोघांनाही आठवेना. इतकी वर्षं त्या तोंडाला एकच वाट माहीत होती. शेवटी त्यांनी मान वळवली आणि पुन्हा कुत्र्याच्या मानेवर हात ठेवला.

"सरपंच," ते हळू म्हणाले, "सांगा तिला, गाडी खोळंबलीया."

"ऐकलं, आप्पा," ऋतुजा म्हणाली.

चढावरून जीपचा हॉर्न वाजला, आणि थोड्या वेळानं पुन्हा वाजला. तिघांतल्या एकालाच तो ऐकू आला नाही, पण जागचं कुणीच उठलं नाही.